मागे उभा असतो तो

ब्लूज-रॉक बँडमध्ये बेस गिटार, म्हणजे जाड, खालच्या सुरांची गिटार, वाजवणाऱ्याचं आयुष्य कसं असतं, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने सरळ खांबाला गाठावं. खांब हे टोपणनाव. कार्यक्रमात तो ड्रमच्या शेजारी जागचा न हलता उभा राहायचा, म्हणून ड्रमवाल्याने ठेवलेलं. ते त्याला पसंत होतं. "खांब काढला तर छप्पर खाली येईल," असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि वर स्वतःच म्हणायचा, "पण अजून कुणी काढून बघितलेला नाही, तेव्हा खात्री देत नाही."

कारकीर्द म्हणाल तर भरगच्च. बँडचा फोटो वर्तमानपत्रात आला होता, त्यात डाव्या कडेला एक कोपर दिसत होतं. ते आपलंच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. बायकोला मात्र ती पडद्याची घडी वाटायची. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी वही-पेन घेऊन धावत आली. त्याने झोकात सही ठोकली. तिने ती वाचली आणि विचारलं, "काका, गायक कुठल्या दाराने बाहेर येतात?" त्याने दार दाखवलं. वर तिची वहीही धरून ठेवली, कारण गायकाबरोबर फोटो काढताना तिला ती अडचणीची होत होती.

हे सगळं तो हसण्यावारी न्यायचा. बाबांची गोष्ट मात्र त्याला तशी नेता यायची नाही.

बाबांचा जन्म छापखान्यात यंत्रांपाशी गेला. बँडची पहिली सीडी निघाली तेव्हा त्याने ती घरी आणून लावली. बाबांनी चष्मा काढून ठेवून, मन लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "छान आहे रे. पण यात तू कुठे आहेस?" तो स्पीकरकडे बोट दाखवत राहिला. "हे बघा, आता... हे... गेलं. थांबा, परत येईल." बाबांनी समजूत काढल्यासारखी मान डोलावली. त्यानंतर त्याने कधी ऐकवलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

आता गायकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, लीड गिटारवाल्याची पाठ कामातून गेली होती, आणि बँड गुंडाळायचं ठरलं होतं. शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी, एका शाळेच्या सभागृहात. बाबांनी एकदा, फक्त एकदा आपलं वाजवणं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि बाबांना तर आता दाराची बेलसुद्धा ऐकू येत नव्हती.

"ऐकू येत होतं तेव्हा गप्प बसलो," तो बायकोला म्हणाला, "आणि आता निघालोय त्यांना गाणं ऐकवायला. माझ्या अकलेचा एक जाहीर सत्कार ठेवायला हवा."

"सत्काराचं नंतर बघू," बायको म्हणाली. "आधी त्यांना विचार तरी."

बाबा लगेच हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून, कानात नवं मशीन लावून पहिल्या रांगेत बसले. पहिलं गाणं होईपर्यंत त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. दुसरं संथ, रडकं गाणं सुरू झालं आणि बाबांनी शांतपणे कानातलं मशीन काढलं, खिशात ठेवलं, हाताची घडी घातली आणि डोळे मिटून घेतले.

खांबाने स्टेजवरून ते पाहिलं. झालं, बाबांनी दुकान बंद केलं. त्या विचारात त्याचं बोट पुढच्या सुरावर वेळेआधीच जाऊन पडलं. तो कसाबसा मागे आला. अंगाला दरदरून घाम फुटला. गायक डोळे मिटून विव्हळतच होता, लीड गिटारवाला पाठदुखी विसरून गुडघ्यांवर बसला होता, आणि ड्रमवाल्याने तर खुशाल हसून त्याला मान डोलावली. एवढी ढोबळ चूक, पण सभागृहात कुणाच्या गावीही नव्हती. त्याला रागवायलाही कुणी नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर गायकाभोवती गर्दी जमली. खांब गिटारची पेटी घेऊन बाबांजवळ आला. ते मशीन पुन्हा कानात लावून पायरीवर बसले होते. "चला बाबा, दमला असाल."

"ते रडकं गाणं होतं ना," बाबा म्हणाले, "त्यात तू मधेच घसरलास."

"तुम्हाला... तुम्ही तर मशीन काढून ठेवलं होतं."

"मग काय करणार? मशीन लावलं की नुसती किरकिर. तो गाणारा काय ओरडत होता कुणास ठाऊक. मशीन काढलं आणि तुझं लख्ख ऐकू यायला लागलं. बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचतच नाहीत आता. जाडे तेवढे पोचतात. शेवटपर्यंत एकटं तुझंच ऐकत होतो." त्यांनी कठड्यावर बोटांनी ठेका धरला. "असा चालला होतास, असा... आणि इथे घाई केलीस. सावरलंस म्हणा, पण घाई केलीस."

खांबाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं वाजवून आज पहिल्यांदा त्याची चूक कुणीतरी पकडली होती. त्याने पेटी खाली ठेवली आणि बाबांच्या शेजारी पायरीवर बसला. "अजून कुठे चुकलो, बाबा?"

बाबांनी डोळे मिटून आठवून आठवून आणखी दोन जागा सांगितल्या. त्यातली एक चूक चक्क ड्रमवाल्याची होती. खांबाने तीही कबूल केली.