पाच फुटांची खोली

फरशीवरची सिमेंटची भुकटी हाताने बाजूला सारून पुंजानाना उताणे झोपले. डोकं आतल्या भिंतीला टेकवलं आणि पाय सरळ केले. घोटे चौकट ओलांडून थेट अंगणात गेले. तिरकं होऊन पाहिलं, तर कट्टा आडवा आला. एवढ्या खोलीत माणूस मावत नाही, खाट तर नाहीच नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच नानांना बरं वाटलं.

पंचवटीतल्या मुलाच्या, मनोजच्या घरी राहायला येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. पहाटे मखमलाबादच्या मळ्यात जायचं, झेंडू तोडायचा आणि नऊच्या सुमारास परतायचं, हा नेम त्यांनी सोडला नव्हता. यंदा मनोजने बाथरूम नव्याने करायला काढलं. नानांचे गुडघे आता नीट वाकत नाहीत, म्हणून कमोड आणि धरायला भिंतीत दांडी. पुढच्या वर्षी कुंभमेळा, सगळे गवंडी घाटाच्या कामावर. गोरक्ष गवंडी मिळाला तोच मोठ्या मिनतवारीने. मग त्याच्याच हातून मागच्या दाराला लागून ही खोलीही बांधायला घेतली. ती कशासाठी, हे नानांना कोणी सांगितलं नाही. सुनेला, मोहिनीला, एकदा आडून विचारलं, तर ती "सोयीसाठी" म्हणाली आणि घाईने आत गेली.

नाना तिथेच गार पडले. इगतपुरीला त्यांच्या बहिणीच्या, चांगुणाच्या मुलांनीही तिच्या सोयीसाठीच घरामागे न्हाणी बांधली होती. वर्षभराने न्हाणीला लागून पत्र्याची खोली झाली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी चांगुणाची खाट तिथे गेली. आता ताटही तिकडेच जातं. फूलबाजारात व्यापाऱ्यांना न जुमानणारे नाना घरात मात्र तोंड उघडायला घाबरत होते. उत्तर आलं आणि ते तेच निघालं, तर काय करायचं?

गोरक्षसाठी चहा घेऊन आलेली मोहिनी दारातच थबकली.

"नाना, चक्कर आली का?"

"नाय गं. फरशी गार हे, म्हणून जरा टेकलो."

मोहिनीने भिंतीला टेकलेलं त्यांचं डोकं पाहिलं, अंगणात गेलेले पाय पाहिले. दिवाळीत चांगुणाआत्यांकडे तीही गेली होती. तिचा चेहरा उतरला. रोज हॉलभर उमटणारी काळी माती पुसून ती कंटाळली होती, पण नानांच्या पायांच्या चिखलाचं नाव काढायला तिची जीभ रेटत नव्हती. त्या संकोचाने काय करून ठेवलं, ते आता तिच्यासमोर आडवं पडलं होतं. ती चहा घेऊन तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी नाना मळ्यातून आले, तेव्हा गोरक्ष अंगणात फक्कीची रेघ मारत होता. वॉशिंग मशीन बसावं म्हणून खोली दोन फूट पुढे घ्यायला मोहिनीनेच त्याला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. विटाही उरल्या होत्या. मोहिनी लगबगीने बाहेर आली.

"नको, गोरक्षभाऊ. आहे तेवढीच राहू द्या."

गोरक्ष वैतागला. मशीन मग डोक्यावर ठेवणार का, असं त्याने विचारलं.

"ठेवीन कुठंही. नाना मळ्यातून आले की इथं बूट काढतील, कट्ट्यावर बसून पाय धुतील आणि घरात येतील. खोली तेवढ्यासाठीच आहे."

नानांना चांगलं ऐकू येत असूनही ती मोठ्याने बोलली, तेही फक्कीच्या रेघेकडे बघत.

नाना कट्ट्यावर बसले. बूट काढून त्यांनी नळ सोडला. बोटांच्या बेचक्यांतली माती सावकाश निघत राहिली. आपण कालपर्यंत हिच्याबद्दल काय समजत होतो, याची त्यांना लाज वाटली. पण उरावरचं ओझं उतरलं होतं, त्यापुढे लाज थोडीच होती. त्यांनी नळ बंद केला.

"गोरक्ष, दोन फूट वाढव."

"असू द्या, नाना," मोहिनी म्हणाली.

"वाढव म्हणतो ना. पोरीचं मशीन बसू दे."

गोरक्ष आळीपाळीने दोघांकडे बघत राहिला. नाना उठले, धुतलेले पाय पुन्हा मातीत घालत विटांच्या ढिगाकडे गेले आणि दोन विटा उचलून त्यांनी आपल्या हाताने फक्कीच्या रेघेवर ठेवल्या.