उभ्याने दिलेलं तबक

सुमोन्था बाई स्टेजवरची सतरंजी ओढून सरळ करत होत्या, तेवढ्यात नाममोन फुलांचं तबक घेऊन आली.

"डोकं ठिकाणावर आलं का?" बाईंनी वाकल्या वाकल्याच विचारलं.

"चालतच येणार, बाई. काल वर्गात सांगितलं तेच."

नाममोन बाईंच्याच बारावीच्या वर्गातली, आणि यंदा वर्गाचं तबक तिच्याकडे होतं. गुरुवंदनेला प्रत्येक वर्गातून एकानं तबक घेऊन गुडघ्यांवर सरकत यायचं आणि शिक्षकांच्या पायांशी माथा टेकायचा, ही रीत. मुख्याध्यापकांनी सकाळीच बजावलं होतं : नाममोन चालत आली, तर तिच्या वर्तनापुढे 'असमाधानकारक' लिहायचं. असा शेरा असला की तिला हवं असलेलं नर्सिंग कॉलेज फाटकातूनच परत पाठवतं. शाळेत प्रेरणा सप्ताह चालू होता.

"आई बाजारात दिवसभर केळी तळते, ती कुणासाठी गं?"

"आई म्हणाली, बुद्धापुढे गुडघे टेक, आजीपुढे टेक. पुढचं तुझं तू बघ."

"आणि आम्ही कोण, उपरे?"

"तुमच्यापुढे गुडघे टेकलेच असते, बाई. पण टेकले नाहीत तर शेरा, म्हटल्यावर कसे टेकणार?"

बाईंनी कंबर धरून पाठ सरळ केली. आजवर त्यांच्यासमोर एवढे गुडघे घासले गेले होते, की त्यांतले श्रद्धेचे किती आणि मार्कांचे किती, हे बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

"जा, रांगेत उभी राहा," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच, "उभीच राहा म्हणा."

कार्यक्रम सुरू झाला. शिक्षक खुर्च्यांवर, मधोमध मुख्याध्यापक, त्यांच्या डोक्यावर फलक : 'विद्यार्थ्यांनो, स्वतः विचार करा.' मुलं एकामागून एक सरपटत येऊन गेली. मग नाममोन चालत आली. बसलेल्या गुरूपेक्षा शिष्याचं डोकं उंच.

"बाई, तिला खाली बसवा," मुख्याध्यापक दबक्या आवाजात म्हणाले.

सुमोन्था बाईंनी खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी तबक घेतलं. नाममोननं हात जोडले, मान लववली. बाईंनीही लववली.

"बसा, बाई."

"राहू दे, सर. जमतंय."

"शेरा दुपारपर्यंत माझ्या टेबलावर हवा."

"दोघींचा देऊ?"

बाईंच्या शेजारच्या खुर्चीतले गणिताचे सर 'गेली माझी पेन्शन' असं काहीतरी पुटपुटले आणि सावकाश उठायला लागले.