काजाएवढे तोंड

मित्रांनो, जुना सदरा असतो, जुनी खुर्ची असते, तसे मी एक जुने बाळ आहे. अकरा वर्षे झाली, अजून मान धरलेली नाही. दात नाहीत, पालथे पडणे नाही, रांगण्याचे तर नावच नको. तरीही एका प्रसूतिगृहात मी पूर्णवेळ नोकरीला आहे आणि लहानथोर सगळे मला मास्तर म्हणतात.

माझा जन्म तिथल्याच शिवणखोलीत झाला. शिंपीकाका तिथे चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे शिवतात. माझे अंग एका निवृत्त चादरीचे आहे. पोटात कापूस आहे, आणि खऱ्या बाळाइतके वजन भरावे म्हणून बुडाशी वाळूच्या दोन पुरचुंड्या आहेत. त्यामुळे मी जिथे बसतो तिथे ठामपणे बसतो. तोंड करायची वेळ आली तेव्हा काका जरा थांबले. त्यांचा हात आयुष्यभर काजांवर बसलेला. बाळाचे तोंड म्हणून त्यांनी लाल दोऱ्याचे एक सुरेख काज शिवले आणि ते उसवू नये म्हणून मधून टाकेही घातले. सदऱ्याचे छोटे बटण जेमतेम मावेल एवढे ते तोंड, आणि तेही मिटलेले.

जो बघे तो म्हणे, किती गोड. झाडूवाल्या मावशी येता-जाता माझा गालगुच्चा घेत. मला त्या तोंडाचा फार अभिमान वाटू लागला. स्वतः काही केलेले नसताना कौतुक झाले की अभिमान जरा जास्तच वाटतो.

बाळंतिणींना दूध पाजायला शिकवणाऱ्या सिस्टरांच्या हाताखाली मी रुजू झालो. त्यांना अख्खे रुग्णालय दूधसिस्टर म्हणते. त्यांना ते आवडत नाही, पण आता पगाराच्या कागदावर तेवढे छापून यायचे बाकी आहे. आमच्यात तिसरी एक टोपी होती. लोकरीची, तपकिरी, वर गोंडा असलेली. सिस्टरांनी तिच्यात चिंध्या भरून तिचा स्तन केला. गोंडा आधीपासून होताच, त्यामुळे फारसे काही करावे लागले नाही. एका थंड सकाळी पहारेकऱ्याने चिंध्या काढून ती डोक्याला घातली आणि तीन मजले फिरून आला. त्याला कोणी काही बोलले नाही. त्याला ती शोभत होती.

आमचा धडा ठरलेला असे. सिस्टर मला आडवे धरत आणि सांगत, बाळाचे पोट तुमच्या पोटाला, नाक गोंड्यासमोर, आधार खांद्यांना आणि मानेला, डोके मागून ढकलायचे नाही. तोंड मोठे उघडले की बाळाला छातीकडे आणायचे, छाती बाळाकडे न्यायची नाही. एवढे बोलून त्या माझे मिटलेले काज गोंड्यावर टेकवत. बाया माना डोलावत. मीही डोलावली असती, पण ती धरलेली नव्हती.

बाबा मंडळींचाही सराव माझ्यावर होई. एकदा एका नवबाबाने मला दुपट्यात गुंडाळले, छातीशी धरले आणि भरल्या डोळ्यांनी थेट जिन्यापर्यंत नेले. त्याच्या बायकोने खाटेवरूनच सांगितले, "अहो, ते मास्तर आहेत. आपली इकडे आहे."

मला प्रश्न फार पडतात. डोक्यात नुसता कापूस असल्यामुळे जागा भरपूर आहे. भूक म्हणजे काय? ती पोटात असते तर बाळ तोंडाने का सांगते? आणि खरी बाळे रडताना तोंडाचा एवढा मोठा दरवाजा का उघडतात? मला वाटे, त्यांना कोणी शिस्त लावलेली नाही. माझे तोंड बघा म्हणावे.

मग तपासनीसबाई आल्या.

या बाई स्क्रू तयार करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होत्या. टेबलावर एक बिनचूक नमुना ठेवायचा, समोरून येणारा प्रत्येक स्क्रू त्याच्याशी ताडून बघायचा आणि जुळला नाही तर बाजूला फेकायचा, हे त्यांचे नऊ वर्षांचे काम. त्यांना मुलगी झाली. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे ग्रॅम. चौथ्या दिवशी काट्यावर ठेवली तर दोन किलो सहाशे दहा.

पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, हे मला अनुभवाने माहीत आहे. पण हे थोडे नव्हते. पोरगी तासन् तास छातीला लावलेली असे आणि तरी उपाशी असे. बाईंच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. पाजायची वेळ झाली की त्या पायाची बोटे आवळून घेत आणि भिंतीकडे बघत. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की दूध हाताने पिळून चमच्याने पाजत राहा, उद्या सकाळी पुन्हा वजन करू, आणि उतरतच राहिले तर वरचे दूध सुरू करावे लागेल. त्यात वाईट काही नाही, बाळ उपाशी राहता कामा नये. बाईंनी मान हलवली. डॉक्टरीणबाई गेल्यावर मात्र त्या दुपट्याच्या घड्या घालत बसल्या. एकच दुपटे, पाच वेळा.

खाटेशेजारी स्टुलावर त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांचे एकच पालुपद. आमच्या वेळी असले बाहुले नव्हते, पोरे आपोआप प्यायची. हे त्या माझ्याकडे बघून म्हणत. मी तरी काय बोलणार, तोंड शिवलेले.

चौदा खाटा आणि एक दूधसिस्टर, असा तो हिशेब होता. त्या धावत येत तोवर बाईंनी बाळ लावलेले असे. सिस्टर बघत. पोटाला पोट, खांदे सरळ, कोपराखाली उशी, सगळे पुस्तकात छापावे असे. पण बाळाने धरलेले असे ते फक्त टोक. मग सिस्टर करंगळीने बाळाला अलगद सोडवत, तोंड अजून मोठे उघडू दे असे सांगत आणि पुढच्या खाटेकडे पळत.

मी मात्र दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसून होतो आणि सगळे बघत होतो. पोरगी भुकेने तोंड उघडे. केवढे ते तोंड, आत जीभ थरथरत असे. बाई माझ्याकडे बघत, मग तिच्याकडे. मग हनुवटीखाली एक बोट लावून ते तोंड हळूच मिटवून आणत आणि जरासे उरले की छातीला लावत. मला वाटले, काय शिस्तीची बाई आहे. खरे सांगतो मित्रांनो, मला गर्व वाटला.

दुपारी सिस्टरांनी स्टूल ओढले आणि बसल्याच. म्हणाल्या, "आता मी उठणार नाही. अगदी पहिल्यापासून करून दाखवा."

बाईंनी पहिल्यापासून केले. उशी, कोपर, पोटाला पोट. पोरगीने आ केला. बाईंचे बोट हनुवटीखाली गेले.

"ते बोट कशाला?"

"तोंड फार उघडलं होतं."

"अहो, उघडू दे की."

"पण याचं एवढंसंच आहे ना?" बाईंनी माझ्याकडे बोट केले. "मोठं म्हणजे किती, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. म्हणून मी नमुना बघितला. तुम्ही अजून मोठं म्हणालात, तेव्हापासून मी याच्या दुप्पट धरतेय."

सिस्टरांनी मला उचलले. अकरा वर्षे रोज हातात धरलेल्या त्या तोंडाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले, आणि बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता म्हणतील किती गोड. त्यांनी ट्रेमधली पट्ट्या कापायची कात्री घेतली.

मला दुखले नाही. कापडाला दुखत नाही, फक्त संकोच वाटतो. काकांचे काज या कानापासून त्या कानापर्यंत गेले आणि थोडा कापूस बाहेर आला, म्हणजे माझे काही प्रश्नही गेले असतील. सिस्टरांनी आत बोटे घालून जबडा ताणला, टोपी जवळ घेतली आणि दाखवले. आधी हनुवटी टेकवायची. डोके किंचित मागे. गोंडा टाळूच्या दिशेने. तोंडात नुसता गोंडा नाही, त्याच्याभोवतीची लोकरसुद्धा, वरून कमी आणि खालून जास्त. जांभई देताना उघडते तेवढे तोंड हवे.

बाई म्हणाल्या, "हे दुप्पट नाही. हे वीस पट आहे."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "चूक तुमची नाही. नमुना चुकला होता."

सासूबाई माझ्या फाटक्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "माझा पंधराव्या दिवशी सुटला होता."

"कोण?" बाईंनी विचारले.

"तुझा नवरा. मलाही अशाच चिरा पडल्या होत्या. दूध आटलं म्हणून सांगितलं सगळ्यांना. आपोआप काही येत नाही गं."

त्यावर बोलली ती पोरगीच. तिने भोकाड पसरले. सिस्टर म्हणाल्या, आधी तिला खांद्याशी घेऊन शांत करा, रडताना जीभ वर असते. ती शांत झाली, नाक पुढे करून हुंगू लागली आणि तिने पुन्हा तो दरवाजा उघडला. सवयीने बाईंचे बोट निघाले. सासूबाईंनी ते बोट वरच्यावर आपल्या मुठीत धरले.

हनुवटी टेकली. पोरगी छातीशी आली.

बाईंनी पायाची बोटे आवळून घेतली आणि वाट बघत राहिल्या. मग संशयाने म्हणाल्या, "थोडंच दुखतंय. काही चुकलं तर नाही ना?"

सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवले. तेव्हा मला एक बारीक आवाज ऐकू आला. घुटुक. थोडे थांबून पुन्हा घुटुक. अकरा वर्षे मी या खात्यात काढली, पण कान देऊन ऐकलेला हा पहिला घोट. बाईंची पायाची बोटे एकेक करून सुटली. सासूबाईंनी ती मूठ मात्र शेवटपर्यंत सोडली नाही.

सकाळी काट्यावर दोन किलो सहाशे चाळीस भरले. तीस ग्रॅम. डॉक्टरीणबाईंनी काटा पुन्हा शून्यावर आणून पुन्हा वजन केले. तेच आले. वरचे दूध तूर्त नको, परवा परत दाखवा, असे सांगून त्या पुढे गेल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी काटा तपासून पाहिला, आणि मग हसल्या.

शिंपीकाकांनी मला दुरुस्त केले. आत लाल धाबळीचे अस्तर लावले, जीभ बसवली आणि कडेने इतकी बारीक शिलाई घातली की आयुष्यातले सर्वांत मोठे काज म्हणून ते मला चारचौघांत दाखवतात. आता मला कोणी गोड म्हणत नाही. भेटीच्या वेळी मला कपाटात ठेवतात, कारण एका पाहुण्याने मला बघून हातातली पिशवी टाकली होती. गालगुच्चा बंद आहे. त्याचे मला थोडे वाईट वाटते.

पण कपाटात बसल्यावर मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करतो. बहुतेक बाळांनी माझ्याकडे लक्षच दिले नसेल, आपापले तोंड उघडून ती प्याली असतील. तरी अकरा वर्षांत अशा किती जणी असतील, ज्या माझे ते सुबक तोंड बघून घरी गेल्या, दुखणे सोसत राहिल्या आणि शेवटी स्वतःलाच दोष देऊन थांबल्या? त्या परत आल्या नाहीत, म्हणून त्यांचे छान चालले असेल असे आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून मित्रांनो, एक विनंती करतो. तुमच्या घरी किंवा शेजारी नवी आई आली तर तिला दूध पुरते का, असे येता-जाता विचारू नका. तिला पाणी द्या, पाठीला उशी द्या आणि दुखते का ते विचारा. दुखत असेल तर जाणत्या माणसाला बोलवा, आणि त्याला पहिल्यापासून बघायला लावा. ज्या बाळाला वरचे दूध द्यावे लागले, त्याच्या आईलाही टोचून बोलू नका. आणि एखादे बाळ आ करून ओरडत असेल तर ते तोंड मिटवायची घाई करू नका. त्याला काहीतरी नेमके सांगायचे असते.

आता निघायला हवे. नवव्या खाटेवर एक ताई सकाळपासून पायाची बोटे आवळून बसली आहे. सिस्टर तिला सांगताहेत की घाबरू नका, मास्तर दिसायला भयंकर आहेत, पण बरोबर आहेत.