पिवळी झालेली पांढरी तार

मी एक कागद बोलतोय. साधासुधा नाही हं, स्पोर्ट्स कारच्या इंजिनाच्या वायरिंगचा रंगीत नकाशा. इंजिनाचा मेंदू म्हणजे ईसीएम. तिथून कुठली तार कुठे जाते, ते माझ्यावर लिहिलंय. बोलायला बसलोय खरा, पण मान काही वर होत नाही.

सीबीडी बेलापूरच्या एका दुकानात माझी प्रिंट निघाली. तेलाचे हात लागू नयेत म्हणून संघप्रियाने मला लॅमिनेट करून आणलं. नावड्यातल्या आप्पांच्या गॅरेजात वायरिंगचं काम तिच्याकडे. बोट ठेवून एकेक तार वाचायची बिचारी.

दसऱ्याला आप्पांनी पान्यांसोबत मलाही पाटावर मांडलं, हळदीची बोटं ओढली. मी केवढा फुगलो! दुसऱ्या दिवशी त्यांनी वरवर फडकं मारलं. एका पांढऱ्या तारेवर पिवळं तसंच राहिलं. मला कळत होतं, पण मान मिळालेला, मी कशाला कुरकुर करतोय?

दिवाळीनंतर सानपाड्याच्या धनेशशेठची तशीच स्पोर्ट्स कार आली. उंदरांनी तारा अशा कुरतडलेल्या की रंग ओळखू येईनात. सगळी भिस्त माझ्यावर. पिवळीत बॅटरीचा करंट, पांढरीत सेन्सरचा नाजूक सिग्नल. संघप्रिया थबकली.

"आप्पा, इथे पिवळ्या दोन कशा?"

"कंपनीचा कागद हाय तो, खोटा कसा बोलंल? जोड तू."

तिने जोडली. चावी फिरवली आणि जळका वास सुटला. ईसीएम गेला. धनेशशेठसमोर आप्पा म्हणाले, पोरीला नकाशाच वाचता येत नाही; आणि तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. चोर सोडून संन्याशाला फाशी! तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, हात धुतले, डबा उचलला आणि गेली. शरमेने मेलो मी.

परवा आप्पा मला टांगलेली भिंत पुसत होते. ओलं फडकं माझ्यावर जरा घासलं गेलं. पिवळं फडक्याला आलं, खालून पांढरी तार निघाली. आप्पांनी फडकं उजेडात धरून पाहिलं. मोबाईल काढला, तिचं नाव शोधलं. वाटलं, आता लावतील. त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आप्पा, मला जीभ नव्हती, तुम्हाला आहे. पुढच्या दसऱ्याला मला पाटावर मांडू नका. आधी संघप्रियाला बोलवा, मला तिच्या हातात द्या आणि ते फडकंही दाखवा. मग ती जे बोलेल, ते आपण दोघं ऐकून घेऊ.