वरच्या घराचा मेन कॉक

कल्पेशने पान्याला शेवटचा झटका दिला आणि जुना मेन कॉक पाइपातून सुटून त्याच्या हातात आला. त्याने सहज त्याचं चाक फिरवून पाहिलं.

“काका, हा तर एका बोटाने फिरतोय. आई म्हणायची, पार जाम झालाय.”

गणपतराव खिडकीबाहेर बघू लागले. कल्पेशची आई, गुणवंतीबाई, ओट्यापाशी चहात साखर घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दोन वर्षांपूर्वी बाई माहेरी, शीव कोळीवाड्याला गेल्या असताना त्यांच्या बेसिनखालची नळी फुटली होती. लालबागच्या त्या इमारतीत गणपतराव बरोबर खालच्या घरात राहत. पाणी त्यांच्या छतातून गळलं. तेव्हापासून बाईंनी एक चावी त्यांच्याकडे ठेवली होती आणि दर गुरुवारी माहेरी निघताना त्या जिन्यातून हाक मारायच्या, “गणपतराव, तेवढा कॉक बंद करून देता?” गिरणीत फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस शर्ट बदलून वर जायचा. पहिला महिनाभर कॉक खरंच जाम होता. मग त्यांनीच त्यात तेल सोडलं. तरी ते दोन्ही हात लावून, दात आवळून फिरवत राहिले. मागाहून चहा व्हायचा. बायको गेल्यानंतर आयता चहा त्यांना इथेच मिळत होता.

कल्पेशने नवा व्हॉल्व्ह बसवला. त्यावर पांढरी, साबणाच्या वडीएवढी डबी होती. आईच्या मोबाईलवर त्याने बोट ठेवलं. डबी घुर्रर्र करून थांबली आणि चालू नळाची धार आटली.

“अगो बाई!” गुणवंतीबाई म्हणाल्या. “कोळीवाड्यात बसून पण होईल?”

“ठाण्याला बसून मी पण करीन. आणि बेसिनखाली हा सेन्सर. पाणी सांडलं की आपोआप बंद, वर तुझ्या-माझ्या मोबाईलवर मेसेज.”

“लाईट गेली तर?” गणपतरावांनी विचारलं.

“बॅटरी आहे, काका.”

“आणि नेट गेलं?”

“मेसेज येणार नाही. पण पाणी बंद होणार.”

गणपतरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि काम आहे असं सांगून ते खाली गेले. काम काहीच नव्हतं.

गुरुवारी ते सवयीने शर्ट घालून बसले. वर कुलूप लागलं. बाईंच्या चपला जिन्यावरून खाली आल्या, त्यांच्या दारावरून गेल्या, थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाचीची, दिशाची हळद होती, घाई असणारच. पण मागच्या वर्षी मोठ्या भाचीच्या हळदीलाही घाई होतीच की! तेव्हा त्या थांबल्या होत्या.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. माणसाचा हेवा केला तर निदान चारचौघांत त्याला नावं ठेवता येतात. साबणाच्या वडीला काय नावं ठेवायची? अंथरुणावर पडून ते छताकडे बघत राहिले. एक ओला डाग दिसावा, एक थेंब पडावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. छत कोरडं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी चावी घेतली आणि ते वर गेले. ओट्यावरचं फुलपात्र माठातून भरलं, आणि बेसिनखाली वाकून सगळं पाणी सेन्सरवर ओतलं.

डबी किंचाळली. मग घुर्रर्र. त्यांनी नळ सोडून पाहिला. थेंब नाही. नाव ठेवायला जागा नव्हती.

खिशातला फोन वाजला.

“गणपतराव, घरी आहात का?” मागे बँड वाजत होता, गुणवंतीबाई ओरडून बोलत होत्या. “मोबाईल बोंबलतोय, पाणी गळतंय म्हणून. जरा वर जाऊन बघता? माझा जीव थाऱ्यावर नाही. अंगभर हळद लागलीय, तरी निघते मी. कल्पेश पण निघतोय ऑफिसातून.”

त्यांच्या पायाखाली पाणी पसरलं होतं. नळी फुटली होती, मी बांधली, असं सांगता आलं असतं. नळीची सगळी भाषा त्यांना येत होती.

“तुम्ही निघू नका. त्यालाही येऊ नको म्हणा,” ते म्हणाले. “काही फुटलेलं नाही. पाणी मी ओतलं.”

“काय?”

“मी ओतलं. चालतं का बघायला.” त्यांनी रिकामं फुलपात्र ओट्यावर ठेवलं. “बंद पडावं म्हणून.”

पलीकडे बँडचा आवाज दूर गेला. बाई कुठल्याशा खोलीत शिरल्या असाव्यात.

“चाललं?” त्यांनी विचारलं.

“चाललं.”

“मग कल्पेशला काय सांगू?”

गणपतरावांनी एका हाताने दोरीवरचं फडकं ओढलं आणि खाली बसून फरशी पुसायला घेतली.

“सांगते, गणपतरावांनी बघितलं,” बाई म्हणाल्या. “आणि ऐका. इथे जेवण दुपारी चारपर्यंत चालेल. टॅक्सी केलीत तर पोचाल. शर्ट बदलून या, पिवळा होईल.”