दोन परसांमधला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना, बुटका दरवाजा आहे. दरवाजा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पितळी फुलं आणि नक्षीकाम आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी तुतीच्या चार फळ्यांचा. बोस्नियातल्या द्रिना नदीकाठच्या एका गावात, दोन घरांच्या परसांमधल्या भिंतीत मी उभा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला मी दिसतही नाही. माझं सगळं आयुष्य शेजारणींच्या येण्याजाण्यात गेलं आणि त्यातलं बरंचसं मजेत गेलं. शेवट मात्र वाईट झाला.

माझा जन्म भांडणातून झाला. मागचं मोठं युद्ध नुकतंच संपलं होतं. मितार नावाचा ख्रिस्ती सर्ब आणि ओमेर नावाचा मुसलमान असे दोन शेजारी होते आणि त्यांच्या हद्दीवर एक तुतीचं झाड होतं. वादळात ते पडलं. लाकूड कुणाचं यावर दोघांची जुंपली, आणि शेवटी त्याचा एक दरवाजा करून मधल्या भिंतीत बसवावा असं ठरलं. मग तो कुणाच्या परसात उघडायचा यावर पुन्हा वाद झाला. सुताराने वैतागून अशा बिजागऱ्या लावल्या, की मी दोन्हीकडे उघडू लागलो. बोट लावलं तरी झुलायचो. सुताराने कडी कुठल्या बाजूने लावायची असं विचारलं, तेव्हा ओमेर म्हणाला, "कडीच लावायची तर भिंत काय वाईट होती?"

त्यामुळे मला कडी नव्हती. लाकूड कमी पडल्यामुळे मी बुटका झालो, पण मितार सगळ्यांना सांगायचा, की मुद्दामच तसा केलाय, शेजाऱ्याकडे जाताना माणसाने मान वाकवावी. एकदा पक्षाचे तालुक्याचे सचिव ताठ मानेने आले आणि कपाळावर टेंगूळ घेऊन गेले. तेव्हा पक्ष एकच होता, त्यामुळे हसायचं ते सगळ्यांनी मिळून हसून घेतलं.

म्हातारे गेले. मितारचा मुलगा व्लायको आणि ओमेरचा मुलगा नेझिर, दोघेही लाकडाच्या गिरणीत कामाला लागले. व्लायकोची बायको रादोयका, नेझिरची शेफिका. माझे खरे दिवस या दोघींचे. रोज सकाळी दोघींपैकी कुणीतरी एक कॉफीची तांब्याची किटली घेऊन मला कोपराने ढकलायची, कारण हात मोकळे नसायचे. माझ्या एका फळीला त्या कोपरांनी गुळगुळीत खळगा पडला आहे. ईस्टरला रंगवलेली लाल अंडी इकडून तिकडे जायची, ईदला बकलाव्याची मिठाई तिकडून इकडे यायची. त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आणि दार वाजवायचं नाही, हा अलिखित नियम होता. नवी आलेली असताना रादोयकाने एकदा वाजवलं, तर शेफिका म्हणाली होती, "वाजवतेस काय गं? वीजबिल वसूल करायला आलीस का?"

मित्रांनो, राजकारण मला फार कळत नाही. पण लाकडाला ओल लगेच कळते. ज्या वर्षी गावात पहिल्यांदा पुष्कळ पक्ष झाले आणि खांबाखांबावर पुढाऱ्यांचे चेहरे चिकटले, त्या वर्षी व्लायकोने आपल्या लोकांच्या पक्षाला मत दिलं आणि नेझिरने आपल्या लोकांच्या. प्लमच्या झाडाखाली डोमिनो खेळताना दोघे त्यावरून एकमेकांची टर उडवत. नेझिर म्हणायचा, की आता तू माझा विरोधी पक्ष, तेव्हा कॉफी तुझ्या घरची. मलाही वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय. उगाच कशाला वाईट मनात आणा?

पण आधी दोन्ही घरांचा मिळून टीव्ही एकच होता, तो व्लायकोकडे. नेझिरने दुसरा घेतला. व्लायकोच्या टीव्हीवर एका शहरातून येणाऱ्या बातम्या लागत, नेझिरच्या टीव्हीवर दुसऱ्या शहरातून येणाऱ्या. भिंतीत असल्यामुळे मला दोन्ही ऐकू यायच्या. बातमी एकच असायची, मेलेले मात्र वेगवेगळे. शेजारच्या मुलखात लढाई पेटली होती, तिथे व्लायकोला बोलावणं आलं. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्याला बंदूक होती. ती त्याने परत दिली नाही. कुणी मागितलीही नाही.

बायका पीठ, मीठ, तेल साठवू लागल्या. त्यातही दोघींचं एकत्रच चालायचं. साखरेचं पोतं रादोयकाने आणलं आणि अर्धं माझ्यातून ओढत शेफिकाकडे नेलं. वाटेत ते फाटलं, साखर सांडली, तर दोघी हसून हसून खालीच बसल्या. मुंग्यांचं साधलं, असं शेफिका म्हणाली. माझ्या उंबऱ्यावरचं हे शेवटचं हसणं.

त्यानंतर एका दुपारी व्लायको नेझिरची करवत परत द्यायला आला. माझ्यापाशी थांबला आणि त्याने दार वाजवलं. पलीकडून नेझिरने विचारलं, "कोण?" जन्मात पहिल्यांदा त्याने असं विचारलं असेल. व्लायकोने नाव सांगितलं. करवत दिली, घेतली, आणि कुणी कुणाला बस म्हटलं नाही. मी मात्र चरकलो. टीव्हीतल्या तोफांनी मला जे कळलं नव्हतं, ते त्या वाजवण्याने कळलं.

पुढचं झपाट्याने झालं. व्लायकोच्या पक्षाचा एक माणूस त्याच्याकडे बसून गेला. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, की तुझ्या भिंतीला भोक आहे. दुसऱ्या दिवशी व्लायकोने बाजारातून सरकती कडी आणून माझ्या अंगात स्क्रू फिरवले. कुत्री येतात म्हणून लावतोय, असं तो भिंतीवरून मोठ्याने म्हणाला. नेझिरही बाजारात गेला, त्याच दुकानातून तशीच कडी घेऊन आला आणि त्याने ती आपल्या बाजूने ठोकली. आता मी उघडायला दोन्ही घरांची संमती लागू लागली. दोन्ही कड्या एकाच साच्यातल्या. लावताना खट्ट, काढताना खट्ट. आवाजात तसूभर फरक नाही. हे लक्षात ठेवा.

दोघी जमेल तोवर दोन्ही कड्या काढून भेटत राहिल्या. मग व्लायको कामावर गेला की भेटू लागल्या. मग गिरणीच बंद पडली आणि व्लायको दिवसभर घरी बसू लागला, तेव्हा त्या माझ्या दोन फळ्यांमधल्या फटीतून बोलू लागल्या. गावातले बरेच मुसलमान निघून गेले होते. नेझिरची छाती अधू होती. एवढा डोंगर चढून तो जाणार कुठे? आणि आपण कुणाचं काय वाकडं केलंय, असं तो म्हणत राहायचा.

"ऐक," एका संध्याकाळी रादोयका फटीला तोंड लावून म्हणाली. "आमच्या तळघरात कोबीच्या पिंपांमागे मी जागा केली आहे. धरपकड सुरू झाली की रस्त्यावर जाऊ नका. मी इकडची कडी काढून ठेवते. हाक मारू नकोस, वाजवू नकोस, नुसती आत ये."

"आणि व्लायको?"

"त्याला मी घरात गुंतवते. त्याला काही कळायचं नाही."

शेफिकाने विचारलं, "आणि तूच घाबरलीस तर?"

"मी?" रादोयका म्हणाली. "वेडी आहेस का गं?"

तिचं ते म्हणणं मला खोटं वाटलं नाही. पण फटीतून चेहरा दिसत नाही, आणि शेफिकाला ते कसं वाटलं मला माहीत नाही.

एप्रिलमध्ये प्लमला भरभरून बहर आला होता, तेव्हा ती सकाळ उजाडली. रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी फिरू लागली. मुसलमानांनी कागदपत्रं घेऊन शाळेच्या मैदानावर यावं, असं ती सांगत होती. शेफिका आणि नेझिर परसात आले. नेझिरच्या हातात एक पिशवी, शेफिकाच्या हातात कॉफीची पुडी. जीव वाचवायला निघालेली बाई, पण दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून पुडी घेऊन निघालेली! तिने आपली कडी आधीच काढून ठेवली होती. ती मला ढकलणार, इतक्यात पलीकडून रादोयका अनवाणी धावत आली. व्लायको रोज तिन्हीसांजेला लावायचा ती कडी तिने ओढून काढली.

खट्ट.

आणि नवऱ्याला गुंतवायचं म्हणून ती तशीच घराकडे पळाली.

शेफिकाने काय ऐकलं? धावत आलेली पावलं, कडी, आणि धावत गेलेली पावलं. तिचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. तो तिथेच थांबला.

"लावली तिने," नेझिर हळूच म्हणाला.

मित्रांनो, मी उघडा होतो! लहान मूल टेकलं असतं तरी मी उघडलो असतो. चाळीसहून जास्त वर्षं मी दोन्ही घरांचं सगळं बोलणं ऐकलं, आणि मला एक शब्द उच्चारता आला नाही. वाऱ्याची एक झुळूक आली असती तरी पुरली असती. बहराची एक पाकळी हलत नव्हती.

शेफिकाने हात मागे घेतला. "जाऊ दे," ती म्हणाली, "तिलाही घरदार आहे." तिने नेझिरचा दंड धरला आणि दोघे पुढच्या दाराने रस्त्यावर गेले. वाजवायचं नाही असं ठरलं होतं म्हणून तिने वाजवलं नाही.

रादोयकाने नवऱ्यापुढे कॉफी ठेवली, न्याहारी ठेवली, नसती भांडणं उकरून काढली. मैदानावरून लोकांना भरून बसगाड्या गेल्यावर ती तळघरात उतरली. पिंपांमागे कुणी नव्हतं. मग ती माझ्याकडे आली. आधी तिला वाटलं, ते दोघे आलेच नाहीत. तिने मला ढकललं आणि मी सहज झुललो. मग तिने पलीकडच्या बाजूला पाहिलं. शेफिकाची कडी काढलेली होती. उंबऱ्यापाशी कॉफीची पुडी पडली होती. सगळं तिच्या ध्यानात आलं. ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. व्लायकोने येऊन तिला काय झालं विचारलं. तिने सांगितलं नाही.

शेफिका आणि नेझिर परत आले नाहीत. बसगाड्या कुठे गेल्या, हे गावात माहीत असलेले लोक आहेत, पण ते बोलत नाहीत. त्यांच्या घरात परगावची माणसं राहतात, आणि मी कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या दोन्ही कड्या काढलेल्याच गंजून गेल्या आहेत. मला कुणी ढकलत नाही. रादोयका अजून आहे, पण माझ्याकडे बघत नाही.

शेजाऱ्यांच्या मध्ये कडी लावू नका, असा उपदेश मी तुम्हाला करायला हवा. पण तो ओमेरने आधीच केला होता आणि सगळ्यांना पाठ होता. पोटात भीती शिरली की कडी लागतेच. माझं ऐकून कुणी थांबेल, असं मला वाटत नाही. म्हणून थोडंच मागतो. कडी वाजल्याचं ऐकलंत, तरी पाठ फिरवण्याआधी दाराला एकदा हात लावा आणि ढकलून बघा. त्या सकाळी मी उघडा होतो.