फुरशासाठी छऱ्याचा बार

तुळशीदास गावडे सुतार म्हणून कुवेतला आला, तरी त्याची जीभ कुडाळातच राहिली होती. अर्दियातल्या गोदामात रंधा मारता मारता तो शिकारीच्या गोष्टी सांगे. बाप, म्हणजे आबा, शिकारी होता हे खरं, पण हा पठ्ठ्या फक्त मागून बॅटरी धरायचा, हे मात्र गोष्टीत कधी येत नसे. बापाच्या जिवावर मिशीला पीळ!

नझीर त्याचा दोस्त, राजापूरचा. ड्रायव्हरच्या व्हिसावर आला आणि मालक जाफरने त्याला वाळवंटात मेंढ्या राखायला बसवलं. शहाण्णव सालच्या मार्चात तिथल्या गवताच्या गंज्यांत फुरशी निघाली, डोळ्यांवर शिंगं असलेली. एक नझीरच्या डाव्या हाताला डसलं. दोन बोटं कापून टाकावी लागली. इस्पितळातून सुटला तो पुन्हा त्याच पत्र्याच्या खोलीत. झोप अशी त्याला लागतच नव्हती. पांघरुणाची घडी हलली तरी तो किंचाळून उठे.

"तुळशा, पुढचां फुरसां माका मारतला," तो म्हणाला. 

जाफरकडे आजोबांची रायफल होती. पण वळवळणाऱ्या सापाला एकच गोळी लागायची कशी? तुळशीदासाची जीभ सुटली. "गोळी कित्या? छरे भरूया. माझ्या आबान एका बारात दोन डुकर लोळवल्यान."

जाफर हौशी माणूस, नझीरने सांगताच तयार झाला. शुक्रवारच्या सुट्टीला तुळशीदास मेंढ्यांपाशी आला, तसा दुपारी जाफर रायफल, काडतुसं आणि पाखरांच्या शिकारीच्या छऱ्यांची पिशवी घेऊन हजर. तुळशीदासाने पक्कडीने काडतुसाची गोळी उपटली, तिच्या जागी छर्रे ओतले, तोंड मेणाने बंद केलं. नझीरने काठीने गंजी हलवली तसं फुरसं बाहेर आलं. तुळशीदासाने बार काढला. अर्धे छर्रे वाळूत गेले, काही एका मेंढीच्या गुडघ्यात. फुरशाच्या शेपटीची नुसती सालटी निघाली आणि ते पुन्हा गवतात घुसलं.

जाफर पोट धरून हसला. "ये बंदूक है या नमकदानी?"

तुळशीदासाचे कान तापले. आता चिडलेलं फुरसं नझीरच्या खोलीला लागूनच दडलं होतं, आणि जाफर परत गेला की नझीर तिथे एकटाच राहणार होता. तुळशीदासाने दुसरं काडतूस उघडून आत पाहिलं. दारू जेमतेम निम्म्यावर. इथेच चुकलं, असं त्याला वाटलं. बापाचा नियम त्याला तोंडपाठ होता: दारूवर पोकळी ठेवायची नाही, पोकळी राहिली तर नळी फाटते. ठासणीच्या बंदुकीला आणि गावच्या काळ्या दारूला तो नियम सोळा आणे खरा. पण ही करड्या दाण्यांची दारू वेगळ्या जातीची. चिमूटभर असली तरी ती डोंगर हलवते. हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी शिकाऱ्याचा मुलगा ऐकणार थोडाच? त्याने तिसरं काडतूस फोडलं, त्याची दारूही यातच ओतली, काठोकाठ दाबली, वर छर्रे ठासले.

रायफल उचलणार तोच नझीरने ती ओढून घेतली. "चावला ता माका. बार मी मारतलंय."

तुळशीदासाने हसून रायफल सोडली. मग पायाने गंजी लोटली. फुरसं फूत्कार टाकत नझीरवर झेपावलं. नझीरने गाल दस्त्याला टेकवून चाप ओढला.

आवाज बाराचा नव्हताच. रायफल मागच्या अंगाने फुटली. लोखंडाचा तुकडा नझीरच्या गालात शिरला, डोळ्यांच्या जागी नुसतं रक्त उकळत होतं. तो वाळूत लोळून तोंड ओरबाडू लागला. फुरसं त्याच्या पायापाशी जिवंतच! तुळशीदासाने फावडं उचललं आणि घातलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. सापाचा चेंदा झाला, तरी तो मारतच होता, रडत होता, आई-बापाचा उद्धार करत होता. शेवटी जाफरने त्याच्या कानफटात मारून त्याला पिकअपमध्ये ढकललं.

गाडी सुसाट निघाली. नझीरचं डोकं तुळशीदासाच्या मांडीवर होतं. मांडीवरचा लेंगा रक्ताने भिजून चिंब झाला.

"जाफरची बंदूकच कुजकी," नझीर थुंकत म्हणाला. "तुका लागला नाय ना रे?"

तुळशीदासाला वाटलं, हो म्हणावं. बंदूकच कुजकी. जाफरला मराठी कळत नव्हती, आणि नझीरला आता कधी काही दिसणार नव्हतं. पण त्या विचारण्यानेच त्याच्या तोंडून खरं निघालं.

"बंदूक बरी होती, नझीर. मी एका काडतुसात दोनांची दारू भरलंय. माका कायएक येत नाय. आबान माका कधी बंदुकीक हात लावूक दिल्यान नाय."

 नझीरचा उजवा हात चाचपडत वर आला. हनुवटी लागली, मग गळा. पंजा आवळला. तुळशीदासाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, श्वास अडकला, पण त्याने हात सोडवला नाही. पुढून जाफर ओरडत होता.

रक्त फार गेलं होतं. हळूहळू पंजातला जोर गेला आणि हात खाली पडला.

तुळशीदासाने तो उचलला आणि पुन्हा आपल्या गळ्यावर ठेवला.